गोदाम पडणार, चौदा मांजरं कुठं जाणार?

मोकाट मांजरांची सोय लावण्याच्या आमच्या कामात मांजर पकडणं हे सगळ्यात अवघड, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. पण भूक, वास आणि सवय यांचा नीट उपयोग केला तर बहुतेक मांजरं सापळ्यात येतात. कुणी पहिल्याच संध्याकाळी, कुणी छळून छळून. डोकं खाणारा प्रश्न त्यानंतरचा. हे जनावर घरात नांदेल का? की नसबंदी करून त्याला त्याच्या जागी परत सोडायचं? या प्रकरणात दुसरा पर्याय मोडीतच निघाला होता, कारण ती जागाच पाडली जाणार होती. त्यामुळे चौदाच्या चौदा मांजरांचा एकेक करून निर्णय घ्यावा लागला. काही निर्णय पहिल्या अंदाजाच्या अगदी उलट निघाले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जागा आणि माणसं

बंद पडलेलं मालगोदाम. भोवती भिंत, आत माजलेलं गवत, मोडक्या लाकडी पॅलेटांचा ढीग आणि ट्रकमधून माल उतरवण्यासाठी बांधलेला कमरेएवढा धक्का. धक्क्याखाली पोकळी होती आणि तिचं तोंड इतकं अरुंद, की कुत्रं आत शिरू शकत नव्हतं. रखवालदार काका गेली काही वर्षं रोज दिवस मावळताना पत्र्याच्या ताटलीवर चमच्यानं टकटक करायचे आणि खाणं मांडायचे. आडोसा, सुरक्षित बीळ आणि ठरल्या वेळेला अन्न मिळालं की वस्ती आपोआप वाढते. मांजरीचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते, आणि तिची लेक चार-पाच महिन्यांची झाली की तीही.

मालकांच्या वतीनं बोलणाऱ्या गृहस्थांचा तोडगा सोपा होता. "गाडीत भरा आणि लांब कुठंतरी सोडून या. मांजरंच ती, जगतील." हा तोडगा आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, की त्यावर रागावणंही आता सोडून दिलंय. अनोळखी जागी मोकळं सोडलेलं मांजर वाट फुटेल तिकडे पळतं. खाणं कुठं, लपायचं कुठं, हे त्याला ठाऊक नसतं. तिथं आधीपासून राहणारी मांजरं त्याला टिकू देत नाहीत, आणि जी जुन्या जागेच्या ओढीनं निघतात त्यांना मधले रस्ते ओलांडावे लागतात. सुटका करणाऱ्या माणसाची होते, मांजराची नाही. इटलीत तर १९९१च्या कायद्यानं मोकळ्या मांजरांना नसबंदीनंतर त्यांच्याच गटात परत सोडायचं असं ठरवून दिलेलं आहे. जागा बदलणं हा नियम नव्हे, नाइलाज आहे. इथं नाइलाज होता.

गृहस्थ समजूतदार निघाले. त्यांच्याकडून लेखी घेतलं, की पाडकाम गोदामाच्या दुसऱ्या टोकापासून सुरू होईल आणि धक्क्याला सगळ्यात शेवटी हात लागेल. यंत्राच्या धडधडीनं मांजरं घाबरून बाहेर पळतील अशी अनेकांची समजूत असते. ती उलट आणखी आत, आणखी खोल जाऊन बसतात. पाडकामात मांजरं मरतात ती बहुतेक अशीच.

काका म्हणाले, मांजरं सात. खाणाऱ्या मांजरांची मोजणी नेहमी कमी भरते, कारण दबून राहणारी मांजरं बाकीची जेवून गेल्यावर अंधारात येतात. धक्क्याच्या तोंडाशी रात्री दिसणारा कॅमेरा लावला, प्रत्येकाचे डाव्या-उजव्या कुशीचे फोटो जुळवले, तेव्हा आकडा चौदावर गेला.

मोठी सात: तीन बोके, चार भाट्या. पिवळा बोका थोराड, फाटक्या कानाचा, गालफडं सुजल्यासारखी भरलेली. नसबंदी न झालेल्या बोक्याची ही ठरलेली खूण. काळा-पांढरा बोका नेहमी भिंतीवरून यायचा. पट्टेरी बोका कॅमेऱ्यात दिसायचा, डोळ्यांना कधीच नाही. भाट्यांत एक तिरंगी. एक करडी, जिच्या सडांभोवतीचे केस गेले होते, म्हणजे पिल्लं पीत होती. एक पट्टेरी, गाभण असावी असा संशय. आणि एक वयस्क काळी, जिच्या डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत छाटलेलं होतं. म्हणजे हिला पूर्वी कुणीतरी पकडून, ऑपरेशन करून इथं सोडलेलं होतं. भुलीत असतानाच कानाचा सेंटिमीटरभर शेंडा काढतात, दुखत नाही, आणि त्या मांजराला पुन्हा उगाच टेबलावर चढावं लागत नाही. याशिवाय चारेक महिन्यांची तिघं भावंडं, आणि धक्क्याखाली चार पिल्लं. पिल्लांचे डोळे अजून निळे होते, कान ताठ झालेले, धावत होती, आईबरोबर ओलं खाणंही चाटत होती. पाच आठवड्यांच्या आसपासची असावीत.

सापळे

सापळे आधी दारं बांधून, उघडेच ठेवले आणि काकांना त्यांच्यातच खाणं मांडायला सांगितलं. सापळा हा जेवायच्या जागेचाच भाग आहे असं मांजरांना वाटायला लागेपर्यंत कुणालाही पकडायचं नाही, हा आमचा नियम. तळाच्या जाळीवर वर्तमानपत्र अंथरतो. पंज्यांना तार टोचत नाही आणि पाय पडताच दार पाडणारी पट्टी झाकली जाते. सापळा जमिनीवर डुगडुगता कामा नये. पायाखाली काही हललं, की ते मांजर पुढं कित्येक आठवडे लोखंडाच्या जवळ फिरकत नाही. मुख्य पकडीआधी एक वेळचं खाणं बंद केलं, पाणी चालू ठेवलं. करडी दूध पाजत होती, तिला मात्र बिळाच्या तोंडाशी वेगळं दिलं. आमिषाला तेलातला मासा, पट्टीच्या पलीकडे, आणि दारापासून आतपर्यंत त्याच तेलाचे थेंब.

काकांनी ताटली वाजवली आणि पहिल्याच संध्याकाळी काळा-पांढरा, तिरंगी, पट्टेरी भाटी आणि तिघा भावंडांतली दोघं आत आली. दार पडलं की मांजर सापळ्यात उलटंपालटं होतं, जाळीवर नाक घासून घेतं. त्याच क्षणी सापळ्यावर जाड चादर टाकायची. अंधार झाला की बहुतेकदा ते अर्ध्या मिनिटात निपचित बसतं. चादर उचलून "बघू तरी" म्हणणाऱ्या हौशी लोकांना लांब ठेवणं हे पकडीच्या रात्रीचं निम्मं काम असतं. काळी आणि तिसरं भावंड दुसऱ्या फेरीत आलं. पिवळ्याला सापळा लागलाच नाही. तो पायाला अंग घासत कॅरिअरमध्ये शिरला आणि आतून आणखी खाणं मागू लागला.

करडीबद्दल काकांनी आधीच सांगितलं होतं, "ताई, ती काही यायची नाही हो तुमच्या पिंजऱ्यात. मलाच अजून जवळ येऊ देत नाही." ती खरोखर सापळ्याला वळसा घालून जायची. तिच्यासाठी पिल्लांचा उपयोग केला. ती खायला बाहेर पडल्यावर पिल्लं जाड टॉवेलात गुंडाळून काढली आणि छोट्या जाळीदार कॅरिअरमध्ये ठेवली. कॅरिअर सापळ्याच्या मागच्या टोकाला चिकटवून बांधला आणि दोन्हींवर मिळून एकच चादर घातली. तिच्या बाजूनं बघितलं तर एक अंधारा बोगदा आणि त्याच्या टोकाला ओरडणारी पिल्लं. मधे जाळी असल्यानं दार पडलं तरी पिल्लांना धक्का लागत नाही. हे फक्त समोर बसून करायचं, ऊन-पाऊस नसताना, आणि पिल्लं फार वेळ उपाशी न ठेवता. ती दोनदा अर्ध्यापर्यंत येऊन मागं फिरली. शेवटी एका पिल्लानं जीव तोडून हाक मारली आणि ती थेट आत गेली.

उरला पट्टेरी बोका. त्याला पट्टीच्या सापळ्याचा वास कळायचा म्हणा, की आवाज. त्याच्यासाठी ड्रॉप ट्रॅप मांडला: तळ नसलेली मोठी जाळीची चौकट, एका बाजूनं काठीवर टेकलेली, काठीला दोरी, आणि दोरी लांब बसलेल्या माणसाच्या हातात. पूर्ण मांजर आत येऊन, खाली मान घालून खायला लागल्याशिवाय दोरी ओढायची नाही, नाहीतर चौकटीची कड शेपटीवर किंवा पाठीवर पडते. तो आला तेव्हा पाडकाम गोदामाच्या मधल्या भागापर्यंत पोचलं होतं. पकडल्यावर त्याला सापळ्यात सरकवताना मदतीला आलेल्या एका मुलाच्या बोटाला दात लागला. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम दिसते बारीक पण जंतू खोल जातात, आणि बोटाच्या सांध्यात संसर्ग झाला तर हात सुजतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुतली आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं, रेबीजच्या लशींसाठीही. बोक्याला नजरेखाली वेगळं ठेवलं. पुढं दोघंही ठणठणीत राहिले.

कान आधी कापतात, स्वभाव नंतर कळतो

या कामात एक अडचण आहे जिची चर्चा फार होत नाही. नसबंदी पकडल्यानंतर एक-दोन दिवसांत होते, आणि कानाचा शेंडा त्याच भुलीत काढायचा असतो. म्हणजे "हे मांजर बाहेरच राहणार" हा निर्णय सगळ्यात कमी माहिती असताना घ्यावा लागतो. सापळ्यातलं वागणं बघून काही कळत नाही. लाडात वाढलेली मांजर भीतीनं फिसकारते, थुंकते, अंगावर येते. अस्सल रानटी मांजर पुष्कळदा कोपऱ्यात दगडासारखी बसते आणि बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे बिचारी.

आम्ही पिवळा आणि पिल्लं सोडून सगळ्यांच्या कानाला खूण करायला सांगितली. घरात गेलेल्या मांजराचा कान थोडा आखूड असला तर काही बिघडत नाही. बाहेर सोडलेल्याला खूण नसली तर त्याची पुन्हा ओढाताण होते. पट्टेरी भाटी गाभणच निघाली, दिवस सुरुवातीचे होते, डॉक्टर मॅडमनी ऑपरेशन केलं. यावर आमच्या गटात दोन मतं होती आणि आजही आहेत. मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. जागा जमीनदोस्त होत असताना आणखी चार-पाच जीव जन्माला घालून त्यांना घरं शोधायची, आणि आधीच जन्मलेली मांजरं रांगेत मागं ढकलायची, हे मला पटत नाही.

नंतर प्रत्येकाची वही सुरू केली. मोठ्या पिंजऱ्यात लपायला खोका, वर चादर, खाणं-पाणी, मातीचा ट्रे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी ठेवायच्या पण त्यांच्यावरून काही ठरवायचं नाही. नंतर चार गोष्टी बघायच्या. माणूस खोलीत असताना खातं का? मऊ टोकाची लांब काठी गालाला लावली तर अंग चोरतं, मारतं, की डोकं टेकवतं? माणसाकडे बघून म्याव करतं का? (मोठी झालेली रानटी मांजरं माणसाशी सहसा बोलत नाहीत, म्याव हे पिल्लाचं आईशी आणि पाळीव मांजराचं माणसाशी बोलणं.) आणि रात्री, घर शांत झाल्यावर, काय करतं?

शेवटच्या रकान्यानं तिरंगीचं प्रकरण उलगडलं. दिवसा ती खोक्याच्या मागं भिंतीला पाठ लावून बसायची. डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण फाकलेल्या, काठी लावली तर हूं नाही की चूं नाही. वहीत सगळ्यांनी "रानटी" लिहिलं होतं. रात्रीच्या कॅमेऱ्यात मात्र ती बाहेर यायची, अंथरलेल्या जुन्या स्वेटरवर बसायची आणि दोन्ही पुढच्या पंजांनी तो स्वेटर मळत राहायची, डोळे अर्धवट मिटून. मग फॉस्टर करणाऱ्या, म्हणजे तात्पुरतं घरी सांभाळणाऱ्या ताईंनी दिवा न लावता, पिंजऱ्याजवळ पाठमोरं बसून नुसतं पुस्तक वाचायला सुरुवात केली. काही दिवसांनी पाठीला डोकं लागलं. हिनं कधीकाळी घर पाहिलेलं होतं, एवढं नक्की. तीन रंगांमुळे ती भाटी असणार हे जवळजवळ आधीच ठरलेलं (काळा आणि पिवळा हे दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात), पण रंगावरून स्वभाव सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

पिवळ्याच्या स्वभावाची चाचणी घ्यायची गरज नव्हती, रक्ताची होती. चावरी मारामारी केलेल्या बोक्यांत एफआयव्हीचं (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणाऱ्या विषाणूचं) प्रमाण जास्त असतं, कारण तो विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो. त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, पुन्हा केली तीही पॉझिटिव्ह. हा आजार माणसाला होत नाही, आणि अशी मांजरं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं बरी राहतात. अट एवढीच, की तो घराबाहेर जाता कामा नये आणि शक्यतो एकटा असावा. हे ऐकल्यावर निम्म्याहून अधिक फोन बंद झाले. ज्यांनी घेतला ते आजोबा म्हणाले, "माझ्याही फायलीत बरंच काही पॉझिटिव्ह आहे, येऊ दे त्याला." खिडक्यांना जाळी बसवल्याचा फोटो त्यांनी न मागता पाठवला.

पिल्लं

चारही पिल्लं माणसाळण्याच्या ऐन वयात होती. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या कामातून दिसलं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात रोज माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढं माणसाला सरावतात. त्यानंतर ही खिडकी हळूहळू बंद होत जाते. करडी आई स्वतः हात लावू देत नव्हती, म्हणून पिल्लांना तिच्याजवळ ठेवूनच दिवसातून थोड्या थोड्या वेळानं बाहेर काढून कुशीत घेतलं, चमच्यानं भरवलं. पहिल्या दिवशी फिसकारणारी ती चिमूट तिसऱ्या दिवशी हातात घुरघुरायला लागली.

मग एका पिल्लानं खाणं सोडलं. पाण्याच्या भांड्यावर तोंड नेऊन बसायचं, प्यायचं नाही. उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. धक्क्याखालूनच ते बरोबर आलेलं असणार, कारण खोलीत आधी कुणी आजारी नव्हतं. उरलेल्या तिघांना सलाइन आणि औषधांवर काढलं आणि ती जगली; या आजारात ते नशीबच. हा विषाणू खोलीत वर्षभरही टिकू शकतो, साध्या फरशी पुसायच्या औषधाला दाद देत नाही. पातळ केलेल्या ब्लीचनं सगळं धुतलं, स्वेटर-खोके जाळून टाकले, तरी ती खोली लस न झालेल्या पिल्लांसाठी कित्येक महिने बंद झाली. मोठ्यांना नसबंदीच्या दिवशीच लस टोचली होती, त्यांच्यात आजार पसरला नाही.

तिघं पिल्लं एक किलोची झाल्यावर नसबंदी करून दिली, दोन एका घरात, एक दुसऱ्या घरात जिथं आधीच एक तरणंताठं मांजर होतं. "नंतर आमचं आम्ही ऑपरेशन करून घेऊ" म्हणणाऱ्याला पिल्लू द्यायचं नाही. हेतू चांगले असतात, तारखा पुढं जात राहतात. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू मागणाऱ्यांनाही नाही म्हटलं.

चार महिन्यांची तिघं

या वयाच्या पिल्लांवर कुठलाच नियम नीट बसत नाही. माणसाळायची वेळ निघून गेलेली असते, पण दार पूर्ण लागलेलंही नसतं. आमच्या गटातली मैत्रीण हट्टाला पेटली होती. "अगं, घर मिळालं की शिकतील सगळी. मोठीसुद्धा. तू उगाच त्यांना बाहेर काढतेस." तिच्या बाजूनं बोलायला अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारातला, मोकळ्या मांजरांची नसबंदी करून जमतील त्यांना घरं शोधण्याचा उपक्रम होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या अकरा वर्षांतल्या १५५ मांजरांचा हिशेब आहे. त्यातली ४७ टक्के घरी गेली, १९९५नंतर आवारात एकही पिल्लू दिसलं नाही, आणि १९९६मध्ये ६८ असलेली संख्या २००२मध्ये २३वर आली. नुसत्या नसबंदीनं ही घट इतकी लवकर झाली नसती, घरं मिळाली म्हणून झाली, हे खरंच आहे. पण निम्म्याहून अधिक मांजरं घरी गेली नाहीत, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. पलंगाखाली आयुष्य काढणारं, रात्री चोरून खाणारं आणि माणूस दिसला की लघवी करून टाकणारं मांजर कुणी "वाचवलेलं" म्हणत असेल तर म्हणो. मी म्हणणार नाही.

तिघांना खोली मिळणार होती ती पिल्लांच्या आजारानं बंद झाली. म्हणून नाइलाजानं एकाला एका घरी आणि दोघांना दुसऱ्या घरी ठेवलं, आणि त्यातून जे दिसलं ते नेमकं कामाचं निघालं. एकटं गेलेलं पट्टेरी पिल्लू पहिले काही दिवस रडलं, मग खाण्याचा वास आणि माणसाची चाहूल यांची सांगड घालायला लागलं. लांब काठीवरून चमचा, चमच्यावरून बोट, असं करत त्यानं बोटावरचं खाणं चाटलं. एकत्र ठेवलेली दोघं एकमेकांना चिकटून राहिली. माणूस आत आला की एक जण दुसऱ्याच्या मागं लपायचं, घाबरलेल्याला घाबरलेल्याचा आधार. त्यांना नंतर वेगळं केलं, पण तोवर वय पुढं सरकलं होतं. एकटं राहिलेलं घरी गेलं, आज त्या घरातल्या मुलीच्या दप्तरावर झोपतं. दोघांना मोठ्यांबरोबर पाठवायचं ठरलं. मैत्रिणीला हे अजून मान्य नाही. यापुढं या वयाची भावंडं आली तर पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायची, यावर मात्र आमचं एकमत आहे.

नवी जागा

घरी न जाणारी सात उरली: काळी, करडी, पट्टेरी भाटी, दोन बोके आणि ही दोघं. त्यांच्यासाठी एक रोपवाटिका मिळाली. उंदीर बियाणं खात होते आणि मालकिणीला विष ठेवायचं नव्हतं. तिनं एकच मांजर मागितलं होतं. ओळखीच्या मांजरांना एकत्र हलवलं तर ती नव्या जागी टिकण्याची शक्यता वाढते, हे समजावल्यावर तिनं सातही घेतली, आणि खाण्याची व आजारपणाची जबाबदारी लिहून दिली. "उंदीर आहेत की, अन्न कशाला?" असं विचारणाऱ्या जागेला मांजर देत नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतंच, उपाशी मांजर फक्त जागा सोडून जातं. जवळपास जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वस्ती असती तर ही जागा आम्ही घेतलीच नसती.

अवजारांच्या शेडमध्ये मोठे पिंजरे मांडले, त्यांत त्यांच्याच अंगाचा वास असलेली अंथरुणं. तिथं त्यांना तीनेक आठवडे कोंडून ठेवलं. हा काळ बघवत नाही. पहिल्या रात्री काळा-पांढरा बोका पिंजऱ्याच्या छताला लटकून दारावर धडका देत होता, आणि रोपवाटिकेची मालकीण फोनवर रडत होती, "सोडू का हो त्याला?" सोडायचं नाही. दोन-चार दिवसांनी धडपड थांबते. मग जागेचे आवाज, वास आणि जेवायची वेळ डोक्यात बसायला लागते. काकांनी आपली ताटली आणि चमचा आम्हाला दिला होता, आणि मालकिणीला फोनवर वाजवूनही दाखवलं, किती जोरात, किती वेळा. त्याच टकटकीवर रोज खाणं. सोडायच्या दिवशी दुपारचं खाणं दिलं नाही, दिवस मावळताना दारं उघडली, माणसं बाजूला झाली, आणि अंधार पडल्यावर ताटली वाजवली.

सातांपैकी सहा जण टिकले. पट्टेरी बोका पहिल्याच आठवड्यात दिसेनासा झाला. गोदामाच्या जागेवर काकांनी रोज बघितलं, वाटेवरच्या वस्तीत विचारलं, कॅमेरा लावला. पत्ता लागला नाही. शेवटी पकडल्यामुळे त्याचा पिंजऱ्यातला काळही बाकीच्यांपेक्षा कमी भरला होता. पाडकामाची तारीख आणि शेडची मुदत यांत तो अडकला. अशा बोक्याला बाकीच्यांबरोबर सोडण्याची घाई न करता एकट्याचा पिंजरा आणखी पुढं चालू ठेवायची सोय आधीच करून ठेवावी, असं आता प्रत्येक नव्या जागेच्या कागदावर लिहितो.

सध्या

पिवळ्याची गालफडं उतरलीत आणि दातांवर उपचार चालू आहेत. तिरंगी फॉस्टर ताईंकडेच राहिली, त्यांनीच कागद भरून घेतले. करडीला आता दूध नाही. ती रोपवाटिकेत मालकिणीपासून काही पावलांवर बसून खाते, त्याहून जवळ येत नाही, आणि कुणी तिला जवळ आणायचा प्रयत्नही करत नाही. भावंडांतली दोघं शेडच्या माळ्यावर राहतात. काळीचं वय बघता थंडीत तिच्यासाठी कोरडा पेंढा भरलेला खोका ठेवला आहे, चादर नाही. चादर ओल धरते, पेंढा धरत नाही.

गेल्या पंधरवड्यापासून ताटली वाजली की एक अनोळखी करडा-पांढरा बोका कुंपणावर येऊन बसतो. दोन्ही कान अख्खे. मालकिणीनं त्याच्या दोन्ही कुशींचे फोटो पाठवले आहेत आणि दार बांधलेला सापळा कुंपणाजवळ मांडून त्यातच खाणं ठेवायला सुरुवात केली आहे.